पोरीसाठी पाहिलेला देश

पोरगी द्यायची तर आधी तिचं होणारं गाव पाहून यावं, ही रीत बुधू मडावीच्या मुलखात अजून कुणी मोडलेली नाही. चार जाणती माणसं जातात. विहिरीचं पाणी पिऊन पाहतात, शेजारीपाजारी एकमेकांशी कसे बोलतात ते कान देऊन ऐकतात, कोंबड्या-बकऱ्यांवर नजर टाकतात आणि काही न बोलता परत येतात. हो की नाही ते सांगायचं आपल्याच अंगणात बसून. परक्याच्या ओसरीवर दिलेला शब्द पाहुणचाराला भुलून दिलेला असतो, असं तिकडच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, आणि ज्यांनी तिकडचा पाहुणचार खाल्ला आहे त्यांना ते पटेल.

बुधूच्या करिश्माला मात्र कुणा नवरदेवाची मागणी आली नव्हती. मागणी आली होती ती एका आख्ख्या देशाची.

करिश्मा नर्स. मुलचेऱ्याच्या पुढे, जिथे डांबर संपून नुसती वाट उरते, तिथल्या गावातली ही पोर आधी नागपुरात शिकली, मग हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथून इंग्लंडात, लीड्स नावाच्या शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन पोचली. दोन-तीन वर्षांत येईल परत, असं धरून आईबाप बसले होते. तेंदूपत्त्याच्या हंगामात तिचा फोन आला. दवाखाना तिला कायम करत होता, तिने एक लहानसं घर पाहून ठेवलं होतं, आणि ते घेतलं की ती तिथलीच होणार होती. लग्नाचं म्हणाल तर ती तिशी ओलांडून पुढे गेली होती आणि तो विषय घरात सगळ्यांनी गुपचूप खाली ठेवला होता. "तुमी दोघं हो म्हनाल तं राह्यते," ती म्हणाली, "नाई म्हनाल तं येऊन जाते. गडचिरोलीतबी दवाखाने हायेत."

बुधूचं उत्तर ओठावरच होतं. उभा जन्म त्याने अहेरी डेपोची लाल गाडी जंगलातल्या रस्त्यांवरून हाकली होती. पोरीचं घर इंग्लंडात होणार म्हटल्यावर त्याने हो म्हणण्याआधीच निवृत्त ड्रायव्हरांच्या कट्ट्यावर ही बातमी कशी सांगायची ते मनात ठरवूनही टाकलं. पण बायकोने, कलाबाईने, त्याच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, गाव पाहिल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. करिश्मा हसली, आणि मग हसायची थांबली, कारण माय गमतीने बोलत नव्हती.

कलाबाई गायत्याची लेक. गायता म्हणजे गावाच्या वतीने देवांशी बोलणारा माणूस. रानातला आंबा असो, मोह असो की शेतातला नवा तांदूळ, त्याचं पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे पहिला घास गावदेवीला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय, कुणी तोंडात टाकायचा नाही. हे गावात सगळेच पाळतात, पण कलाबाईच्या ते हाडात. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बुधूने मोठ्या हौसेने बाजारातले आंबे आणले होते आणि गावचं पंडुम अजून व्हायचं होतं. तिने ते आंबे शिंक्यात टांगले ते सडेपर्यंत काढले नाहीत. बुधू रोज त्या वासाखाली बसून जेवला.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात घर करून होती. ती लहान असताना मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली माणसांची गावं नव्याने वसली होती. आपल्या मुलखातून उखडलेली माणसं ती, सरकारने रान तोडून त्यांना जमिनी दिलेल्या, आणि गावातले लोक त्यांच्याकडे तिरप्या डोळ्यांनी बघायचे. एका वर्षी त्यांच्यातला एक म्हातारा आपल्या शेतातला पहिला तांदूळ टोपलीत घेऊन तिच्या बापाच्या दारात येऊन उभा राहिला. कुणाची भाषा कुणाला कळेना. बापाने ती टोपली उचलली, गावच्या तांदळाच्या टोपलीशेजारी ठेवली आणि दोन्ही मिळून देवीला दाखवल्या. त्या दिवसापासून ती माणसं इथली झाली, असं कलाबाई सांगते.

"माह्या पोरीची टोपली तिथी कोन उचलते," ती फोनवर म्हणाली, "ते मले पाह्यचं हाय."

पासपोर्ट, व्हिसा, नागपूरच्या खेपा, हे सगळं सांगत बसलो तर गोष्ट तिथेच म्हातारी होईल. भाद्रपद लागता लागता दोघं लीड्सला पोचली. करिश्माने आपली रजा राखून ठेवली होती, कारण उत्तर अंगणात मिळणार होतं आणि ते ऐकायला तिला आईबापांबरोबर गावी यायचं होतं. म्हणजे तोवर ती दवाखान्यात आणि ही दोघं मोकळी. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी गाडीने फिरवून आणायची तयारी दाखवली. कलाबाई नको म्हणाली. बंद गाडीतून रस्ता दिसतो, माणसं दिसत नाहीत. लोकांमध्ये बसून जायचं.

मग करिश्माने बस आणि रेल्वेचे पास काढून दिले आणि बापाच्या फोनमध्ये, थांबा जवळ आला की बोलेल असा, आपला आवाज भरून ठेवला. इथे चढा, इथे उतरा, नदीच्या पुलानंतर डाव्या हाताला थांबा. सगळं घरच्या गोंडीत. इंग्लंडच्या भर बसमध्ये बुधूच्या खिशातून गोंडी बोल निघत आणि शेजारची माणसं खिडकीबाहेर बघत हसू लपवत.

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की बुधूचा दिवस सोन्याचा. समोर आख्खी काच, खाली रस्ता आणि गाडी चालवण्याची जबाबदारी दुसऱ्याची. तरी वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. समोरून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर हात वर करी तो अर्थातच खाली बसलेल्या त्याच्या जोडीदारासाठी असे, पण बुधू तो स्वतःकडे घेई आणि वरून हात करून परतफेड करी.

खेड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर झाडांच्या फांद्या वरच्या काचेवर सपसप आपटत. बुधूने डोळे मिटले की आलापल्लीचा रस्ता, उघडले की कुठली तरी अनोळखी झाडं आणि त्यांच्या पलीकडे दगडी भिंतींची कुंपणं. धुकं उतरलं की तेवढाही फरक उरत नसे. बस एका लयीत डुलत राही, कलाबाईचं डोकं त्याच्या खांद्यावर येई, आणि मध्येच थांब्यावर कुणी चढलं की अर्धवट झोपेत त्याला वाटे, आता मोहाची टोपली सावरत एखादी बाई वर येणार. वर यायची ती छत्री आणि एवढंसं कुत्रं घेतलेली म्हातारी. कुत्र्याला तिकीट लागत नाही हे बुधूला फार आवडलं.

एसटीच्या नोकरीत त्याने तालुक्यातल्या सगळ्या बायांना माहेरी पोचवलं होतं. आपल्या बायकोशेजारी बसून तो कधी कुठे गेला नव्हता. ड्रायव्हरच्या शेजारी जागा तरी कुठे असते! आता एवढी वर्षं उलटल्यावर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं, बाहेर जांभळ्या फुलांनी भरलेलं उघडं माळरान मैलोन् मैल सरकत होतं, आणि कुठे पोचायची घाई नव्हती. तो बायकोच्या नव्याने प्रेमात पडला होता. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, पण आपण सांगायला काय हरकत आहे?

कलाबाई मात्र सहलीला आलेलीच नव्हती. ती गाव पाहत होती. यॉर्कच्या जुन्या तटावरून चालताना बुधू बुरूज बघायचा आणि ती खाली लोकांच्या परसात डोकावायची. तिथलं ते डोळे फिरवणारं उंच देऊळ पाहून ती म्हणाली, इथे हात जोडणारे कमी आणि मान वर करून बघणारे जास्त. खेड्यांतून फिरताना तिला एकेक खोट सापडत गेली. मेंढ्यांना राखणदार नाही. घरांची दारं दिवसाढवळ्या बंद. वाटेत भेटलेला माणूस हवेबद्दल बोलतो, पण कुठून आलात, कुणाचे कोण, एवढंही विचारत नाही. अशी खोट सापडली की ती दिवसभर खुशीत असायची. संध्याकाळी करिश्मा थकून आली की चहा पिता पिता तिला ती अगदी रंगवून सांगायची, आणि पोर हसून हसून लोटपोट व्हायची.

आणि काही दिवस ती गप्प असायची. एकदा बसमध्ये काठी टेकत एक म्हातारा चढू लागला. ड्रायव्हरने बसच एका बाजूने खाली झुकवली, म्हातारा सावकाश वर आला, बसला, आणि तोवर आख्ख्या गाडीत कुणी चुळबुळ केली नाही. त्या दिवशी कलाबाई परत येईपर्यंत बोलली नाही. एकदा एका गावात देवळाच्या भोवती थडगी दिसली, गावाच्या मधोमध, नावं कोरलेली, कुणी ताजी फुलं ठेवलेली. मेलेल्यांना हे गावाबाहेर टाकत नाहीत, तिने एवढंच म्हटलं आणि मग तोंड मिटलं. व्हिटबीला दोघांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पलीकडचा काठ शोधत ती बराच वेळ उभी राहिली आणि याचा गायता कोण असेल, असं तिने विचारलं. शेजारी एक कोळी आपल्या जाळ्यातल्या लहान मासळ्या एकेक करून परत पाण्यात सोडत होता. ते पाहून ती पुन्हा गप्प झाली. बुधूला वाटे, चालून चालून थकली असेल. तिच्यासाठी तो बिस्किटं घेऊन येई.

कुंपणांच्या काटेरी झुडपांवर त्या दिवसांत काळी फळं लगडली होती. येणारेजाणारे तोडून खात होते. बुधूने तिच्यापुढे ओंजळ धरली तर ती मागे सरली.

"इथलं पंडुम झालं का?"

बुधूला काय माहीत! ती पुढे चालू लागल्यावर त्याने ओंजळ तोंडात रिकामी केली. थांब्यावर पोचल्यावर तिने त्याच्या जांभळ्या ओठांकडे एकदा पाहिलं, आणि बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हाची गोष्ट. बस माळरानावरून उतरत होती, समोरून दुसरी बस आली, बुधूने हात वर केला आणि नेमकं त्याच वेळी खिशातून करिश्मा म्हणाली की आता उतरा. त्याने ऐकलं नाही. उतरली तेव्हा दोघं एका भलत्याच गावात होती. वळणावर पाच-पंचवीस घरं, एक ओढा, ओढ्यावर बदकं, आणि पुढची बस यायला भरपूर वेळ. थंडी होती. देवळाचं दार उघडं दिसलं म्हणून दोघं आत गेली.

आत मंद उजेड होता आणि सफरचंदांचा वास भरून राहिला होता. खिडक्यांच्या कोनाड्यांत भोपळे, कांद्यांच्या जुड्या, बटाटे, गव्हाच्या ओंब्यांची मोळी. पुढे देवाच्या पायऱ्यांवर सफरचंदांची रास आणि ओंब्यांच्या मोळीसारखा घडवलेला भला मोठा पाव. कलाबाई दारातच थांबली. तिने खाली वाकून बूट काढले, मोजे काढले आणि त्या गार फरशीवर अनवाणी उभी राहिली.

"पंडुम," ती हळूच म्हणाली.

स्वेटरच्या बाह्या वर सारलेली एक पिकल्या केसांची बाई तिथे मांडामांड करत होती. तिने मान हलवून या म्हटलं. बुधूचं इंग्रजी म्हणजे गुड मॉर्निंग, थँक्यू आणि रिव्हर्स. त्यातलं काही इथे चालणार नव्हतं. त्याने पावाकडे बोट केलं आणि विचारलं, न्यू? ती म्हणाली, न्यू, हार्वेस्ट. त्याने वर बोट केलं आणि विचारलं, फर्स्ट गॉड? बाईचा चेहरा खुलला. यस, ती म्हणाली, फर्स्ट गॉड. आणि मग बाहेरच्या दिशेने हात पसरून तिने बरंच काही सांगितलं, त्यातलं एवढं कळलं की हे सगळं नंतर ज्यांच्या घरी नाही त्यांच्याकडे जातं.

कलाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. सफरचंदांच्या राशीला टेकून तांदळाची एक थैली ठेवलेली होती, लीड्समधल्या आपल्या लोकांच्या दुकानात मिळते तसली. गव्हाच्या त्या सगळ्या पसाऱ्यात एकटी. हे गाव तांदूळ पिकवत नव्हतं, हे कळायला कुणाची गरज नव्हती. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. हा कुणाचा, विचार. बुधूने थैलीकडे बोट दाखवून विचारलं, हू? बाईने खांदे उडवले. "एनीबडी," ती म्हणाली, आणि थैली जरा कलली होती ती नीट उभी करून सफरचंदांच्या मध्ये सरकवली.

कलाबाई ते पाहत राहिली. नाटकवाले उगीच ढोलकी वाजवून सांगतात तसं इथे काही झालं नाही. बाईने तिच्या हातात एक सफरचंद दिलं, तिने ते दोन्ही हातांत घेतलं, बूट घातले आणि बाहेर थडग्यांशेजारच्या बाकावर बसून ते खाल्लं. कुंपणावरची दोन काळी फळंही तोडून खाल्ली. बुधूला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. आता हिच्या मनासारखं झालं, आता हो आलंच, हे त्याने ओळखलं. त्याने तिला तसं विचारलंही.

"बस कवा येते ते पाहा," ती म्हणाली.

परतताना पुढची जागा रिकामी असून ती मागे जाऊन बसली. धुकं इतकं दाट होतं की बस चालते आहे की रस्ताच खालून वाहतो आहे ते समजत नव्हतं. बुधूने दोनदा वळून पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. हिचं मन भरून आलं आहे, असं त्याने समजून घेतलं आणि समोरच्या ड्रायव्हरला हात केला.

सगळी गावी परतली तेव्हा हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला आला होता. करिश्मा सोबत होती. कलाबाईचा भाऊ मुखरू आता गावचा गायता, त्याने देवीपुढे नव्या तांदळाचं पंडुम केलं, आणि दुपारी घरोघर नवा भात शिजला. पळसाच्या पानांवर भात वाढून चौघं अंगणात बसली. बुधू, कलाबाई, मुखरू आणि समोर करिश्मा. ऊन मऊ झालं होतं. धानाच्या कोंड्याचा वास होता. पहिले दोन घास खाल्ल्यावर मुखरूने बहिणीला विचारलं, गाव पाहून आलीस, काय ते सांग आता.

कलाबाईने पोरीकडे पाहिलं नाही. पानावर नजर ठेवूनच ती बोलली.

"पानी चांगलं हाय. थंड हाय, पन चांगलं हाय. लोकं कमी बोलतेत, पन म्हातारा मानूस चढेपर्यंत गाडी थांबवतेत. मेलेल्यायले गावातच ठेवतेत. पहिला घास देवाले देतेत, अन् टोपली कोनाची हाय हे इचारत नाई." तिने पुढचा घास कालवला. "माही हो हाय."

बुधूने सुटकेचा श्वास सोडला. त्याने हसून पोरीकडे पाहिलं. करिश्मा भाताची शितं बोटाने एकेक करून पानाच्या कडेला सारत होती.

"मले वाटलं होतं तू नाई म्हनशील," ती म्हणाली. "तू नाई म्हटलं असतं तं मी येऊन गेली असती, माय. मंग मलेच यायचं हाय हे कोनाले सांगा नसतं लागलं."

आणि ती रडू लागली. परक्या देशात रोज दुसऱ्यांचं दुखणं निस्तरणारी एवढी मोठी बाई ती, पण हातातला घास हातात तसाच धरून लहान पोरीसारखी रडली. संध्याकाळी मायच्या तोंडून त्या देशाची एकेक खोट ऐकून ती इतकी का हसायची, हे बुधूला आता कळत होतं. त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"मीबी नाई म्हनाले कारन शोधून राह्यली होती, बाई," कलाबाई म्हणाली. "रोज बसमंदी बसली का तेच शोधू. भेटलं नाई."

मग बुधूच्या डोळ्यांपुढून ते सगळे दिवस एकदम सरकले. ती खुशीत असायची ते दिवस आणि ती गप्प असायची ते दिवस. तो बिस्किटं आणत होता आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आपल्या पोरीला घरी आणण्याचं एक तरी कारण मागत होती. सापडलं असतं तर तिने ते जपून आणलं असतं. नसलेलं कारण रचून सांगणं गायत्याच्या लेकीला जमलं नाही. एवढं एकटीनेच वागवलं म्हणून त्याला तिचा राग आला, आणि राग येता येताच त्याने पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

"हो म्हनजे जाच, असं नाई," कलाबाई पोरीला म्हणाली. "माह्याकडून अडकाठी नाई, एवढंच."

करिश्मा पान ओलांडून सरकत आली आणि तिने मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. कलाबाईचा उजवा हात भाताने भरलेला होता. पोरीच्या केसांना लागेल म्हणून तिने तो थोडा वेळ वरच धरला. मग तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.